सच्छिद्र सिलिकासाठी मायक्रोवेव्ह रिअ‍ॅक्टर: वर्षभराच्या वापरानंतर

मुंबईतील आमच्या प्रयोगशाळेत एमसीएम-४१ (एकसारख्या सूक्ष्म छिद्रांची सिलिका) बनवण्यासाठी सीटॅब (छिद्रांना आकार देणारे साबणासारखे रसायन) आणि टीईओएस (सिलिका पुरवणारे रसायन) यांचे जे मिश्रण पूर्वी ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला दोन-दोन दिवस ठेवावे लागे, ते या यंत्रात टेफ्लॉनच्या बंद भांड्यातून तासाभरात तयार होते, कारण येथे उष्णता भांड्याच्या भिंतीतून आत शिरण्याची वाट पाहावी लागत नाही, २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी थेट मिश्रणातील पाणीच तापवतात. गाळणकागदावर उरणारी पांढरीशुभ्र भुकटी पाहून समाधान वाटते. मात्र छिद्रांत अडकलेले सीटॅब जाळण्यासाठी ५५० अंशांची मफल भट्टी लागतेच, आणि तिथले तास काही वाचत नाहीत. विक्रेत्याने हे खरेदीपूर्वी सांगितले नव्हते. ऐन पावसाळ्यात तापमानाचा सेन्सर बिघडला, तेव्हा दुरुस्तीला माणूस यायला तीन आठवडे लागले. तरीही जुन्या ओव्हनकडे परतण्याची माझी तयारी नाही.