परड्यातला शेरवड: पंधरा महिन्यांचा अनुभव

आमच्या कुडाळकडच्या घरामागे पागोळ्यांचं पाणी जमतं तो कोपरा कायम ओला. तिथे लावलेल्या दोन जास्वंदी मुळं कुजून गेल्या. गेल्या वर्षी जुलैत तिथेच शेरवड लावला. काही ठिकाणी याला भूतकेस म्हणतात. वहाळाच्या काठाने, गडग्यांवर आपसूक उगवणारं झुडूप, नारिंगी फुलं आणि मध्येच एखादं पांढरंशुभ्र पान.

काकीने लगेच विचारलं, "रानात शेरवड काय कमी आसत? परड्यात कित्याक लावतंस?" कमीच झालेत. आमच्या रस्त्याकडेचे सगळे रुंदीकरणात गेले आणि त्या चतुर्थीला माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या लाकडी चौकटीला बांधायला, चार डहाळ्या आणायला भाऊ पार डोंगरापर्यंत गेला होता.

आधी नर्सरीत विचारलं. त्यांनी देशी म्हणून गुलाबी मुसांडा दिला, शेरवडाचाच बागेतला भाऊबंद. तो दिसायला भरगच्च, पण मूळचा फिलिपाइन्सकडचा. शेवटी वहाळावरून पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर सात काड्या आणल्या. दोन डोळे मातीत, सावलीत पिशव्या. चार जगल्या.

मग माझ्या हातून चूक झाली. ओली जागा आवडते म्हणून दोन रोपं थेट खड्ड्याच्या तळाशी लावली. आठवडाभर पाणी तुंबलं, पानं पिवळी पडली, दोन्ही गेली. शेरवडाला पाणी हवं, पण बाजूने वाहून जाणारं. उरलेली दोन हातभर उंच वरंब्यावर घेतली. माती जांभ्याची, त्यात शेणखत आणि कुजलेला पाला, बाकी काही नाही. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो सगळा या दोघांनी झेलला.

उन्हाळा मात्र जड गेला. एप्रिलमध्ये दुपारी पानं लोंबायची. बुंध्याशी नारळाची सोडणं पसरली आणि दिवसाआड कळशीभर पाणी दिलं, तेव्हा तगली.

यंदा जुलैत पहिलं फूल आलं. जवळ जाऊन बघा: फूल म्हणजे बारीक नळी, तोंडाशी पाच पाकळ्यांची नारिंगी चांदणी. आणि ते पांढरं 'पान' खरं तर फुलाचंच एक निदल, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या पाकळीसारख्या पाचांतलं एकच वाढून पानाएवढं झालेलं. तेही प्रत्येक फुलाला नसतं, गुच्छातल्या एखाददुसऱ्यालाच. काळोख्या पावसाळी दुपारी ते लांबूनही दिसतं.

ऑगस्टमध्ये पानांची टोकं खाल्लेली दिसली. मधली शीर तेवढी शाबूत, तिला वाळक्या पानाचे तुकडे लोंबकळत होते. रोग समजून मी तीन पानं तोडली. चौथ्या पानावर तो 'तुकडा' हलला! कमांडर फुलपाखराची अळी, रंगाने अगदी वाळक्या पानासारखी. त्यानंतर एकही पान तोडलं नाही आणि झाडाचं काही बिघडलंही नाही. काही आठवड्यांनी विटकरी पंखांवर पांढरा पट्टा असलेलं फुलपाखरू न्हाणीच्या भिंतीवर बसलेलं दिसलं.

फांद्या फार पसरतात, शेजारच्या झाडावर रेलतात. फुलोरा संपला की छाटावंच लागतं. वास म्हणाल तर मला तरी येत नाही. कुंडीत लावायचा विचार करू नका, याला जमिनीतच मोकळी जागा हवी.

यंदाच्या माटवीला पाच डहाळ्या परड्यातूनच काढल्या. बांधल्या काकीनेच, आणि छाटणीतल्या दोन काड्या आपल्या विहिरीच्या कडेला लावायला घेऊन गेली.