सहा महिने तस्करीविरोधी संस्थेत, आणि एकही कंटेनर उघडला नाही

इंटर्नशिपचा रिव्ह्यू लिहायचा आणि संस्थेचं नाव सांगायचं नाही, हे काहींना पटणार नाही. पण गोपनीयतेच्या कागदावर सही केलीय, शिवाय खाली तक्रारीही आहेत. तेव्हा नाव राहू दे. सीमापार तस्करीविरुद्ध काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, त्यात विश्लेषण विभाग, त्यात सर्वांत कोपऱ्यातलं टेबल माझं. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी भ्रमाचा भोपळा फोडते, कारण माझा पहिल्याच दिवशी फुटला. या संस्था कुणाला पकडत नाहीत. इंटरपोलचे 196 सदस्य देश आहेत, पण तिची रेड नोटीस म्हणजे फरार माणसाला शोधून धरण्याची देशांना केलेली विनंती, अटक वॉरंट नव्हे. त्यावर काय करायचं ते ज्या त्या देशाच्या कायद्यानुसार ठरतं. ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना मालाच्या वर्गीकरणाचे नियम ठरवते, प्रशिक्षण देते, देशादेशांत माहिती फिरवते. धाड, जप्ती, पंचनामा हे सगळं त्या त्या देशाच्या कस्टम्सचं काम. आमचं काम कागदाचं. बूट घालून बंदरावर धावायची हौस असेल तर इथूनच परत फिरा.

पहिले दोन महिने मी जुन्या जप्तींच्या नोंदी साफ करत होते. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, आणि आहेच. खवले मांजराचे खवले एका देशाच्या अहवालात किलोत, दुसऱ्याच्या गोण्यांत, तिसऱ्याच्या नुसत्या 'नगां'त. या प्राण्याच्या आठही जाती 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात गेल्या, म्हणजे देशादेशांतली व्यापारी उलाढाल बंद. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना सगळ्यांनाच हवी असते. मी '12 बॅग' ही नोंद 12 किलो म्हणून भरली आणि तक्त्यात त्या वर्षी तस्करी जवळजवळ थांबल्यासारखी दिसायला लागली. माझे वरिष्ठ आयुष्यभर कस्टम्समध्ये घालवून आलेले. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अभिनंदन, तू एकटीने प्रश्न सोडवलास." त्यानंतर एकक दोनदा तपासल्याशिवाय मी एकही ओळ भरली नाही.

खरी मजा तिसऱ्या महिन्यापासून, कंटेनरच्या कागदांत. कंटेनरच्या दारावरचा क्रमांक आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो: तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुधा यू, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक एकटा आकडा. तो शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून काढता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. ए म्हणजे 10, पण बी म्हणजे 12, कारण 11 च्या पटीतले आकडे गाळायचे. मग जागेप्रमाणे 1, 2, 4, 8 असं दुप्पट करत गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि 11 ने भागायचं. बाकी उरेल तो शेवटचा आकडा; 10 उरले तर शून्य. हे सॉफ्टवेअर करतंच, पण वरिष्ठांनी आठवडाभर हाताने करायला लावलं. चौथ्या दिवशी एक क्रमांक जुळेना. मी खुर्चीतून उडालेच! बनावट कंटेनर, माझं पहिलं घबाड! निघालं काय, तर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, टाइप करणाऱ्याने 6 च्या जागी 9 मारला होता.

तरी सवय लागली ती लागलीच. आता मालाचं वर्णन आणि वजन शेजारी ठेवून वाचल्याशिवाय चैन पडत नाही. प्लॅस्टिकची खेळणी म्हणजे सगळी हवा. 40 फुटी कंटेनरची जागा, साधारण 67 घनमीटर, वजनाच्या कितीतरी आधी संपते. अशा कंटेनरचं मालाचं वजन 24 टन लिहिलं असेल तर आत खेळणी कमी आणि दुसरं काहीतरी जास्त. वर्गीकरणाच्या कोडचंही तसंच. पहिले सहा आकडे जगभर सारखे, ही पद्धत 1988 पासून चालू आहे. त्यामुळे कागद न समजणाऱ्या भाषेत असला तरी कोड बोलतो. सीलचा क्रमांक मात्र मी सुरुवातीला वाचतच नसे. मग एकदा नीट समजावून सांगण्यात आलं: निर्यातदाराचा माल चोख असतो, त्याला कशाचा पत्ताही नसतो. बंदरात कुणीतरी सील तोडून दाराशी अमली पदार्थांच्या बॅगा टाकतं, हुबेहूब दुसरं सील लावतं, आणि माल उतरतो त्या बंदरात आतला माणूस बॅगा काढून घेतो. मग कागदावरचा सील क्रमांक आणि दारावरचा क्रमांक यांतल्या फरकावरच सगळं येऊन ठेपतं.

एक दिवस मात्र चार तारे एकट्यालाच द्यावेत असा. हस्तिदंत ओळखण्याचं प्रशिक्षण. टेबलावर पाच-सहा तुकडे, भिंग आणि शाळेतला कोनमापक. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी असते. बाहेरच्या कडेजवळ त्या रेषांमधला कोन मोजायचा: 115 अंशांच्या वर तर हत्ती, 90 च्या खाली तर मॅमथ. नामशेष मॅमथच्या नावावर हत्तीचा दात खपवणं ही जुनी युक्ती, म्हणून हा कोन महत्त्वाचा. माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यात जाळीच दिसेना, नुसते काळपट टिंब. मी अर्धा तास भिंगातून जाळी शोधत बसले. ते गुराचं हाड होतं.

आता तक्रारी. ज्या डेटाबेसवर काम करायचं त्याचा पासवर्ड मिळायला पाच आठवडे लागले. तोवर जुन्या नोंदींतून उरलेल्या वेळात मी मार्गदर्शिका वाचत होते आणि प्रिंटरशी ओळख वाढवत होते. विद्यावेतन नाही, राहण्याची सोय आपली आपण. अशा ठिकाणी कोण परवडून येऊ शकतं हे सहकारी इंटर्नकडे पाहून कळतं, आणि जगभरच्या गुन्ह्यांवर काम करणाऱ्या संस्थेला ते दिसत नसेल असं मला वाटत नाही. बैठका दोन भाषांत, मला एकच येते. अर्ध्या विनोदांवर मी उशिरा हसले.

पण अर्धा तारा खरा गेला तो वेगळ्याच कारणाने. निकाल कधीच कळत नाही. आपण दहा कागद जोडून 'संशयास्पद' म्हणून पुढे पाठवायचं, ते त्या देशाकडे जातं, आणि मग शांतता. त्यांनी कंटेनर उघडला का, आत काय निघालं, की आपण एका गरीब व्यापाऱ्याचा माल उगाच आठवडाभर अडकवला? खेळण्यांच्या त्या 24 टनांवर मी दोन पानी टिपण लिहिलं होतं. शेवटच्या दिवशी ओळखपत्र जमा करताना विचारलं, काही आलं का? वरिष्ठ म्हणाले, आलं तर मला येईल, आणि मला आलं तरी तुला सांगता येणार नाही.

ज्यांना इनव्हॉइस वाचायला आवडतं त्यांनी डोळे मिटून अर्ज करावा. बाकीच्यांनी दोनदा विचार करावा, आणि सहा महिन्यांचा खर्च आधी कागदावर मांडावा.

सिग्नलला ट्रेलरच्या मागे अडकले की मी अजून तो शेवटचा आकडा तोंडी काढते. परवा एक जुळला नाही. दोनदा हिशोब केला, ट्रेलर वळेपर्यंत मान लांब करून पाहत राहिले. मग आठवलं, एल म्हणजे 23. मी 22 गाळायला विसरले होते.