सिव्हिलायझेशन सिक्स: बंद हद्द, करार आणि ३० टर्नची मुदत

‘सिव्हिलायझेशन सिक्स’ या पाळीपाळीने साम्राज्य उभारण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये पहिल्या काही टर्न (पाळ्या) नकाशावर हद्दी दिसतात, पण त्या कुणाला अडवत नाहीत. शेजाऱ्याच्या राजधानीला खेटून स्काउट फिरवला तरी कुणी हटकत नाही. मग त्या शेजाऱ्याचं ‘अर्ली एम्पायर’ हे सिव्हिक (कल्चरचे गुण साठवून मिळणारा सामाजिक शोध) पूर्ण होतं आणि त्याची हद्द बंद होते. तुमची हद्द बंद होते ती तुमचं अर्ली एम्पायर झाल्यावर. हा हिशोब प्रत्येक देशाचा वेगळा चालतो, आणि फिरॅक्सिसच्या या २०१६ सालच्या गेममधली सीमेची व्यवस्था मनापासून आवडावी याचं पहिलं कारण हेच आहे. आधीच्या ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’मध्ये हद्द पहिल्यापासूनच बंद असायची. दूतावास झाला, सिव्हिल सर्व्हिस हे तंत्रज्ञान आलं, की मग वाटेची बोलणी. सिक्सने सुरुवातीला मोकळीक दिली आणि ती किती काळ टिकेल हे खेळणाऱ्यांवरच सोडलं.

अर्ली एम्पायरला ७० कल्चर लागतं. साम्राज्याची एकूण लोकसंख्या ६ झाली की त्याचं इन्स्पिरेशन (सिव्हिकच्या कामातली सूट) मिळतं आणि ‘राइज अँड फॉल’ किंवा ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हे एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडायची वेगळी भर) असलेल्या गेममध्ये ४० टक्के काम तिथेच वाचतं. म्हणजे दोन शहरं तिनावर पोहोचली की शेजारी दार लावायच्या बेतात आहे असं समजावं. तुमच्या मनातली जागा त्याच्या पलीकडे असेल तर सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) त्याआधीच निघायला हवा. हद्द बंद झाली की लढाऊ युनिट तर अडतंच, सेटलर आणि बिल्डरही अडतात. किनाऱ्यालगतचं पाणी हद्दीत असेल तर जहाजांनाही तोच नियम. ट्रेडर, स्पाय आणि मिशनरी-अपोसलसारखी धार्मिक युनिट मात्र करार नसतानाही आत येतात-जातात. सिटी-स्टेटची (एकाच शहराच्या छोट्या राज्याची) वाट हवी असेल तर तिचं सुझरेन (तिच्यावर सर्वांत जास्त वजन असलेला देश) व्हावं लागतं.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. सेटलर पलीकडे पोहोचला म्हणजे शहर टिकलं असं नाही. एक्स्पान्शनमध्ये लॉयल्टी (शहराची आपल्या देशावरची निष्ठा) आहे, आणि ९ टाइलच्या (नकाशावरच्या घरांच्या) आतल्या परक्या लोकसंख्येचा दाब नव्या शहरावर येतो. चहूबाजूंनी दुसऱ्याची भरलेली शहरं आणि मधे तुमचं एकाचं गाव असेल तर ते बघता बघता फुटून फ्री सिटी (कुणाच्याच ताब्यात नसलेलं शहर) होतं. सेटलर ठेवण्याआधी सेटलर लेन्समध्ये (वसण्याच्या जागा दाखवणाऱ्या नकाशात) त्या टाइलवरचा लॉयल्टीचा आकडा बघावा. तो मोठा उणे असेल तर जागा सोडून द्यावी.

आता करार. व्यवहाराच्या खिडकीत ‘ओपन बॉर्डर्स’ ही नोंद तुमच्या यादीत वेगळी असते आणि समोरच्याच्या यादीत वेगळी, कारण हा करार एकतर्फीही होतो. नवखा खेळाडू इथेच चुकतो. दोन्ही बाजूंना नोंद टाकून मोकळा होतो आणि मग समोरच्याचे सेटलर त्याच्या दोन शहरांच्या मधून वाट काढत मागच्या रिकाम्या किनाऱ्यावर जाऊन बसतात. मागे जागा रिकामी असेपर्यंत वाट घ्यावी, देऊ नये. त्याच्या बदल्यात थोडं गोल्ड गेलं तरी चालेल. जागा भरल्या की उलट करायचं: आपली वाट विकायची. नोंद टाकून ‘याचं काय द्याल’ असं विचारलं की कॉम्प्युटर बरेचदा स्वतःहून गोल्ड पुढे करतो. कल्चर व्हिक्टरीच्या (टुरिझम वाढवून जिंकण्याच्या) मागे असाल तर दोन्ही बाजूंची वाट मोकळी ठेवा, ओपन बॉर्डर्समुळे टुरिझम २५ टक्क्यांनी वाढतो.

समोरचा ऐकेल की नाही हे पहिल्या भेटीतच बरंचसं ठरतं. ज्या टर्नला ओळख होते त्याच टर्नला २५ गोल्डचं डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठवावं. एक-दोन टर्न थांबलात तर तोवर त्याचं मत बिघडलेलं असू शकतं आणि तो ते परत पाठवतो. पुढे डिप्लोमॅटिक सर्व्हिस हे सिव्हिक झालं की ५० गोल्डमध्ये दूतावास.

या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव मुदतीची आहे. स्टँडर्ड वेगात करार ३० टर्न चालतो आणि संपतो तेव्हा गेम त्याचा पुरेसा गाजावाजा करत नाही. आत अडकलेलं युनिट मरत नाही, जवळच्या मोकळ्या टाइलवर फेकलं जातं. पण ‘जवळची’ म्हणजे तुमच्या सोयीची नव्हे. समजा डोंगररांगेतली एकच खिंड शेजाऱ्याच्या हद्दीत आहे. सेटलर आणि त्याच्या सोबतीचा योद्धा खिंडीत असताना तिसावी टर्न उलटली, तर दोघं डोंगराच्या ज्या अंगाला टाइल मोकळी असेल तिकडे जाऊन पडतात. आठ-दहा टर्नची चाल वाया जाते आणि तोवर जागा दुसऱ्याने घेतलेली असते. म्हणून करार केला की टर्नचा आकडा कागदावर लिहावा आणि विसाव्या टर्ननंतर लांबच्या मोहिमेला निघू नये. नूतनीकरण गृहीत धरू नये, मधल्या काळात नातं बिघडलं असेल तर तोच शेजारी नकार देतो.

दुसरी उणीव सैन्याबाबतची. तुमची युनिट तुमच्याच हद्दीत उभी असली तरी ‘आमच्या सीमेवर फौज का?’ अशी तक्रार येते. हटवण्याचं वचन देऊन मोडलंत तर ग्रीव्हन्सेस (तुमच्याविरुद्ध साठणारे तक्रारींचे गुण) वाढतात, म्हणून खरंच हलवणार असाल तरच वचन द्या. शेजाऱ्याची फौज तुमच्या सीमेवर गोळा झाली तर हीच मागणी तुम्हालाही करता येते, ती जरूर करावी. मिशनऱ्यांच्या लोंढ्यापुढे मात्र हद्द कुचकामी ठरते. धर्मप्रसार थांबवण्याचं वचन मागता येतं, पण लढाऊ युनिटने त्यांना हुसकवायचं तर आधी युद्ध पुकारावं लागतं.

सीमा शांत ठेवायचा सर्वांत भरवशाचा करार म्हणजे डिक्लरेशन ऑफ फ्रेंडशिप. तो असेपर्यंत, म्हणजे ३० टर्न, दोघांपैकी कुणालाही युद्ध पुकारता येत नाही. सिव्हिल सर्व्हिस हे सिव्हिक झालं की याच मित्राशी अलायन्स (युती) करता येतो. युद्ध करायचंच असेल तर आधी निषेध नोंदवा आणि ५ टर्न थांबून फॉर्मल वॉर करा. गॅदरिंग स्टॉर्ममध्ये त्याच्या ग्रीव्हन्सेस १०० आहेत, सरप्राइज वॉरच्या १५०.

वर्ल्ड काँग्रेसमधल्या (सगळे देश ठरावांवर मतं देतात त्या सभेतल्या) ‘बॉर्डर कंट्रोल ट्रीटी’कडे लक्ष असू द्या. एका पर्यायात निवडलेल्या खेळाडूचा प्रत्येक नवा डिस्ट्रिक्ट (शहराचा खास विभाग) आसपासच्या टाइल बळकावतो. दुसऱ्यात त्याच्या शहरांची हद्द कल्चरने वाढायचीच थांबते. शेजाऱ्याशी हद्दीवरून रस्सीखेच चालू असेल तर जमवलेला डिप्लोमॅटिक फेव्हर (जास्तीची मतं देण्यासाठी वापरायचे गुण) इथे खर्च करण्यासारखा आहे.

आपल्याकडच्या खेळाडूंनी चंद्रगुप्त मौर्य एकदा तरी नेता म्हणून घेऊन बघावा. कौटिल्याच्या मंडल-विचारात लागून असलेला राजा हा स्वाभाविक शत्रू, आणि गेमने तो विचार नेमका पकडलाय. कॉम्प्युटरकडे असलेल्या चंद्रगुप्ताला आपल्या हद्दीजवळ कुणाची शहरं खपत नाहीत. तुमच्याकडे असेल तर मिलिटरी ट्रेनिंग हे सिव्हिक झाल्यावरच वॉर ऑफ टेरिटोरियल एक्स्पान्शन (हद्द वाढवण्यासाठीचं युद्ध) पुकारता येतं, आणि त्यात पहिल्या १० टर्न युनिटना २ जास्त चाल आणि ५ जास्त ताकद मिळते. अशा राजाला शेजारी ठेवून फौज कमी करणं धोक्याचं आहे.

खरेदी करताना एवढं बघा: गॅदरिंग स्टॉर्ममध्ये लॉयल्टी, गव्हर्नर वगैरे राइज अँड फॉलच्या सगळ्या यंत्रणा आहेत, पण तिथले देश आणि नेते नाहीत. सीमेचा पूर्ण खेळ हवा असेल तर मूळ गेम आणि गॅदरिंग स्टॉर्म पुरे. चंद्रगुप्त मात्र राइज अँड फॉल घेतल्याशिवाय मिळत नाही.