ग्नोम डेस्कटॉप: कॅप्स लॉकचा तिढा सुटला, मराठी आवाज अजून कच्चा

अंध वापरकर्त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं असेल तर त्यावरचा ग्नोम डेस्कटॉप (खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग) थेट ४८ किंवा त्यापुढचा घ्या, म्हणजे लिनक्सच्या फेडोरा ४२ किंवा डेबियन १३ पासून पुढच्या आवृत्त्या. उबंटू २४.०४ मध्ये ग्नोम ४६ येतं आणि घोळ तिथेच आहे.

ऑर्का या स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) बहुतेक आज्ञा एका खास कळीबरोबर दाबायच्या असतात. मोठ्या कीबोर्डवर ती कळ इन्सर्ट. लॅपटॉपवर इन्सर्ट एफएन कळीच्या आड दडलेली असते, म्हणून तिथे कॅप्स लॉक. खिडक्या दाखवणाऱ्या आणि कळा पोचवणाऱ्या जुन्या एक्स११ या यंत्रणेत कुठल्याही प्रोग्रामला सगळ्या कळा ऐकू यायच्या. तिच्या जागी आलेल्या वेलँडने सुरक्षेपायी ते बंद केलं आणि कीलॉगरबरोबर (चोरून कळा टिपणारा प्रोग्राम) ऑर्कालाही दाराबाहेर ठेवलं. चालू ओळ ऐकायला कॅप्स लॉक आणि आय दाबावं, तर कॅपिटल अक्षरंच सुरू. मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ ने ऑर्कासाठी वेगळी वाट काढली. इतका उशीर व्हायला नको होता. उबंटू २४.०४ च वापरायचं असेल तर लॉगिनच्या वेळी गिअरच्या चिन्हातून झॉर्गचं (म्हणजे एक्स११ चं) सेशन निवडा.

बाकी पाया भक्कम आहे. सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ), ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की लाइव्ह यूएसबीवरसुद्धा (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवलेलं लिनक्स) ऑर्का बोलू लागतो. एसऐवजी ८ दाबलं की झूम. ‘लार्ज टेक्स्ट’ मात्र जेमतेम सव्वापट. दीडपट हवं असेल तर ट्वीक्स या ॲपमधल्या फॉन्ट्समध्ये स्केलिंग फॅक्टर १.५ करा. कीबोर्डवरून सुविधा चालू करण्याचा पर्याय निवडला असेल आणि शिफ्ट ८ सेकंद दाबलेली राहिली, तर स्लो कीज (थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय कळ न घेणारी सोय) सुरू होतात आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. शिफ्ट पुन्हा तेवढाच वेळ दाबा.

मराठीसाठी ईस्पीक-एनजी हा सिंथेसायझर (मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) आहे: फुकट, इंटरनेटशिवाय चालणारा. ऑर्काची कळ आणि स्पेस दाबून प्रेफरन्सेस उघडा, व्हॉइसच्या टॅबमध्ये हा सिंथेसायझर आणि मराठी निवडा. आवाज रेकॉर्ड केलेला नाही, गणिताने घडवलेला आहे, त्यामुळे खणखणीत पण यांत्रिक. मेनू आणि मेलपुरता ठीक, दोनशे पानी पुस्तकाला नाही. सुरुवातीला वेग कमी ठेवा. मराठी आणि इंग्रजी अशी दोन प्रोफाइल करून ती बदलायला शॉर्टकट नेमला की रोजचा त्रास वाचतो.

फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ऑर्काशी नीट बोलतात. इलेक्ट्रॉनवरची (वेबच्या तंत्राने बनवलेली) ॲप्स पुष्कळदा गप्प बसतात. ती सुरू करायच्या आज्ञेला ‘फोर्स रेंडरर ॲक्सेसिबिलिटी’चा पर्याय (--force-renderer-accessibility) जोडून सुरू करावी लागतात. चिन्हापुरत्या बटणाला प्रोग्रामरने नाव दिलं नसेल तर ऑर्का नुसतं ‘बटण’ म्हणतो. त्यामुळे नवं ॲप बसवलं की ऑर्का लावा, माउस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत पूर्ण खिडकी फिरा. सेव्ह कुठलं आणि डिलीट कुठलं हे कानाने कळत नसेल तर ते ॲप काढून टाका.