सातारकर की करवीरकर? लढवय्या पूर्वज कुठल्या दप्तरात शोधावा

‘आमचे पूर्वज ताराराणींच्या फौजेत होते’ असं कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत सांगतात. पण 1707 ते 1731 ही छत्रपतींच्या घरातलीच लढाई, एकीकडे साताऱ्याचे शाहू, दुसरीकडे ताराराणींची करवीर म्हणजे कोल्हापूरची गादी, आणि माणसं बाजू बदलत होती. खेडच्या लढाईत ताराराणींचे खुद्द सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. (हे सातारकर शाहू, राजर्षी नव्हेत.) म्हणून घरच्या आठवणीवर किंवा आडनावावर विसंबू नका, गाव धरून दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचा संग्रह, निवडा.

गाव वारणेच्या दक्षिणेला असेल तर आधी कोल्हापूरचं पुराभिलेखागार. 1731च्या तहात हा मुलूख करवीरकडे आला. इथं इनाम-वतनाचे कागद आधी मागा. फौजेच्या हिशेबात पथक सरदाराच्या नावावर असतं, साध्या बारगिराचं (सरकारी घोड्यावरच्या शिपायाचं) नाव क्वचित. जमिनीच्या तंट्यात मात्र वारस जुनी हकीकत सांगतो: आजा कुठं कामास आला, जमीन कशाबद्दल मिळाली. ‘बालपरवेशी’ शब्द दिसला तर थांबा. लढाईत पडलेल्याच्या मुलांना दिलेली ती नेमणूक.

गाव वारणेच्या उत्तरेला असेल तर पुणे. पेशवे दप्तर, शाहू दप्तर तिथंच. 1848 साली सातारा खालसा झाल्यानं तिकडच्या इनामदारांना इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे (इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या समितीपुढे) सनदा मांडाव्या लागल्या. कोल्हापूर संस्थानच राहिलं, त्यामुळे करवीरच्या गावांसाठी ते कागद चाळण्यात अर्थ नाही. सरदार आणि परगणा ठाऊक नसेल तर पुण्याच्या ढिगाऱ्यात दिवस वाया जातात.

दोन्हीआधी हेळव्याला, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी ठेवणाऱ्याला, गाठा. त्याच्या वहीत पिढ्यांची नावं आणि मूळ गाव मिळतं. लढाईचा सन मिळेल ही आशा नको. शिवाजी विद्यापीठानं छापलेली ताराबाईकालीन कागदपत्रंही आधी बघा, मोडी येत नसेल तर नक्कीच.

सर्वांत जास्त चूक सनात होते. जुन्या कागदांत शुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात. ‘समान मया व अलफ’ म्हणजे आठ, शंभर, हजार: शुहूर 1108. त्यात 599 मिळवा, 1707 येतं. साल मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मेच्या कागदाला 600. शक समजून 78 मिळवले तर माणूस बाराव्या शतकात जातो.

नाव जुळलं तरी ‘बिन’ (म्हणजे ‘चा मुलगा’) पुढचं बापाचं नाव आणि मौजे म्हणजे गाव, दोन्ही जुळल्याशिवाय तो आपला म्हणू नका. एकाच गावात एका नावाचे दोघे-तिघे सहज निघतात.