बिअर नीट सांभाळणारा आमचा नेहमीचा पब

चांगली बिअर बनवणारे भरपूर आहेत, पण ती ग्लासात पडेपर्यंत नीट सांभाळणारे फार कमी, आणि आमचा नेहमीचा पब त्या थोड्यांतला आहे म्हणून हा रिव्ह्यू.

पहिली गोष्ट, टॅप मोजकेच ठेवलेत. काहींना ते कमी वाटतं, मला उलट तेच आवडतं, कारण टॅपची लांबलचक रांग लावली की कमी खपणारी बिअर केगमध्ये (म्हणजे बिअरच्या पिंपात) पडून राहते आणि आयपीएसारख्या (इंडिया पेल एल) कडवट बिअरमधला हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास तर सगळ्यात आधी उडतो. इथे केग पटापट संपतात, त्यामुळे आयपीए नाकाजवळ नेला की संत्र्याच्या सालीसारखा वास भस्सकन येतो. दुसरं म्हणजे टॅपचे पाइप हे लोक दर २ आठवड्यांनी धुतात, विचारलं की न लाजता सांगतात. पाइप घाण राहिले की बिअरला नको असलेली बटरसारखी नाहीतर व्हिनेगरसारखी आंबट चव येते, आणि लोक बिचारे ब्रँडला नावं ठेवतात.

ग्लास बघा एकदा इथला. भरायच्या आधी गार पाण्याने विसळतात, मग तिरका धरून भरतात आणि शेवटी सरळ करून वर दोन बोटं फेस आणतात. काचेला आतून कुठेही बुडबुडे चिकटलेले दिसत नाहीत (दिसले तर समजायचं तेलकटपणा किंवा साबण राहिलाय) आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एकेक पांढरी रेघ काचेवर राहते. आणि प्लीज, फेस काढून टाका म्हणून मागे लागू नका हो, वास त्यातूनच वर येतो आणि भरतानाच थोडा गॅस निघून गेला की पोटही कमी फुगतं.

माझी नेहमीची सुरुवात पिल्सनरने. १८४२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरात पहिल्यांदा बनलेली ही बिअर दिसायला साधी, पण माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स, पाणी आणि यीस्ट एवढ्यातच सगळा खेळ, त्यामुळे जरा काही चुकलं की लगेच कळतं. इथली स्वच्छ, कडवट आणि तरतरीत लागते. व्हीट बिअरला, म्हणजे गव्हाच्या बिअरला, केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, त्यात केळंही नसतं आणि लवंगही, ती सगळी यीस्टची करामत. पण खरा जीव माझा स्टाउटवर, म्हणजे भाजलेल्या माल्टच्या काळ्या बिअरवर. ती नायट्रोजन गॅसवर देतात, तो बिअरमध्ये फारसा विरघळत नाही म्हणून बुडबुडे एकदम बारीक आणि फेस सायीसारखा दाट. ग्लास समोर ठेवला की बुडबुडे काचेलगत चक्क खाली जाताना दिसतात, कारण मधली बिअर वर चढते आणि कडेची खाली उतरताना त्यांना ओढून नेते. ते थांबेपर्यंत घोट घ्यायचा नाही, हा माझा नियम. स्टाउट बर्फासारखी गारही देत नाहीत, साधारण १० अंशांच्या आसपास असते, म्हणून भाजलेल्या माल्टची कॉफीसारखी चव नीट लागते.

खाण्यात फ्राइज घ्याच, दोनदा तळतात, आधी कमी आचेवर आणि मग कडक तेलात, आत मऊ बाहेर खुसखुशीत. मीठ पण बरोबर, खारट खाल्लं की आयपीएचा कडवटपणा जरा उतरतो. रोस्ट चिकन पिल्सनरबरोबर मस्त जातं. एकदा तिखट विंग्ज मागवले तर वेटरनेच सांगितलं की आयपीए नको, कडवटपणाने तिखट अजून चढेल, व्हीट बिअर घ्या. महागडी बिअर खपवायचं सोडून असं सांगणारा माणूस भेटणं म्हणजे भाग्य! डेझर्ट ठीकठाक, चॉकलेट केक तेवढा स्टाउटबरोबर चालतो.

खटकणाऱ्या गोष्टी पण सांगतो. शनिवारी म्युझिक इतकं मोठं असतं की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि गर्दीत किचन स्लो होतं, फ्राइज येईपर्यंत अर्धा ग्लास संपलेला असतो. पार्किंगचं विचारूच नका, तसंही पिऊन गाडी चालवायची नाहीये, कॅबनेच जा.

जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी लवकर जा, टेबल न घेता काउंटरला बसा आणि आज कुठला केग नवीन उघडलाय ते विचारा. आधी छोटा ग्लास चाखायला देतात, आवडली तरच मोठा मागवा.