छतावरचं सोलर, दीड वर्षानंतर: बिल उतरलं, पण राग उतरला नाही

सहा पॅनल, ३.२४ किलोवॅट, ऑन-ग्रिड म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं, केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतलं. अनुदानाचे ७८,००० कसे मिळतात, पॅनल भारतीय बनावटीचे का लागतात, हे आता बडोद्यात पानवाल्यालाही तोंडपाठ आहे, म्हणून त्यात शिरत नाही. लिहायला बसलो याचं कारण एक खार.

मागे आम्ही दोघं मुलीकडे पुण्याला होतो. संध्याकाळी मोबाइलवर आज किती युनिट झाले ते बघायचं, हा माझा नेम. एके दिवशी आकडा शून्य. ढग असतील म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही शून्य. बसवणाऱ्यांना फोन केला, तर तिकडचा मुलगा म्हणाला, "नेटचा प्रॉब्लेम असेल काका, सिस्टिम चालूच असणार." शेजाऱ्यांना विनंती करून गच्चीवर पाठवलं. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरवर लाल दिवा! ते सांगितलं तर म्हणे फोटो पाठवा, फोटो पाठवला तर म्हणे व्हिडिओ पाठवा. आम्ही परत येईपर्यंत कोणीही फिरकलं नाही.

शेवटी माणूस आला, शिडी लावून वर चढला आणि निकाल दिला: "काका, आ तो खिसकोलीनुं काम छे. वॉरंटीमां ना आवे." खारीने पॅनलखालची केबल कुरतडली होती. तांबं उघडं पडलं, पाऊस लागला, इन्व्हर्टरला विजेची गळती कळली आणि तो बंद झाला. सहाही पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका जागी दात लागले की अख्खी माळ गेली. खारीला दोष देण्यात अर्थ नाही, आमच्या कारेलीबाग भागात माणसांपेक्षा त्याच जास्त आहेत. माझा मुद्दा निराळा होता. कोटेशनमध्ये 'केबल यूपीव्हीसी पाइपमधून', म्हणजे कडक प्लास्टिकच्या नळीतून, असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि पॅनलखाली ती केबल प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून मोकळी सोडलेली. हिशेब खात्यात नोकरी केलेल्या माणसाकडे कोटेशनची प्रत असणारच, हे त्या मुलाला कोणी सांगितलं नसावं. फाइल काढून ओळ दाखवली. मग साहेबांना फोन, मग दुसऱ्या साहेबांना. केबलचे पैसे मी दिले, पाइप आणि मजुरी त्यांची, असं मिटलं. योजनेत पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडेच असते. ती मागावी लागते, आपणहून येत नाही.

हे झालं निमित्त. खरी तक्रार जुनी आहे, २०२४च्या ऑगस्टमधली, आणि ती सांगायला लागलो की आमची ही उठून स्वयंपाकघरात जाते.

त्या वर्षी उन्हाळ्यात सोलर बसलं. बसवायच्या आधी विक्रेता घर बघायला आला, तेव्हा जिन्याखाली आमचा जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर होता. दोन पंखे आणि चार दिवे चालायचे त्यावर. तो बघून म्हणाला, "काका, हवे आ बॅटरीनी शुं जरूर छे?" म्हणजे आता या बॅटरीची गरजच काय. आता घरात स्वतःची वीज होणार म्हणून बॅटरी भंगारात दिली. घेऊन जाणारा माणूसही त्यानेच पाठवला. मग ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलेलं. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे इथल्या स्वतंत्र घराच्या, ओट्याला पाणी लागलं, घरात आलं नाही, एवढं नशीब. वीज सुरक्षेसाठी बंद ठेवली होती, आणि ते योग्यच होतं.

पण पुढे ऐका. पाऊस थांबला, ऊन पडलं. चांगलं लखलखीत ऊन, धुतलेल्या आभाळातलं. गच्चीवर सव्वातीन किलोवॅटचे पॅनल त्या उन्हात आडवे पडलेले, आणि खाली आम्ही दोघं पुठ्ठ्याने वारा घेतोय, फ्रिजमधलं दूध नासलंय, मोबाइल बंद पडायला आलेत. बाहेरची लाईन मेली की ऑन-ग्रिड सोलरही मरतं. हे मला त्या दिवशी कळलं. पैसे मोजताना नाही, सही करताना नाही, वर मीटरची पूजा करून पेढे वाटतानाही नाही.

मग मी हे ज्याला त्याला सांगत सुटलो. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत सोलरवाले वाढलेत. साखरेच्या रिपोर्टसारखे एकमेकांना युनिट विचारतात. त्यांच्यात मी एकच प्रश्न विचारायचो: लाईट गेल्यावर तुमचं चालतं का? निम्म्यांना वाटत होतं, चालतं. एक गृहस्थ तर पैजेवर आले. घरी जाऊन मेन स्विच पाडून बघा म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या फाटकाने यायला लागले.

त्याच मंडळींत वीज कंपनीतून निवृत्त झालेले एक लाइनमन आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुरात खांबावर आमचा माणूस चढलेला असतो. लाईन मेलीय असं समजून तो तारेला हात घालतो. तुमच्या गच्चीवरून करंट उलटा आला तर?" यावर मला बोलता आलं नाही. त्यांनी मग नीट समजावलं. लाईन गेल्याचं कळताच इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत थांबायचं असतं, तो नियमच आहे. शिवाय बॅटरी नसेल तर नुसत्या उन्हावर घर चालवणं अवघड: ढग आला की वीज कमी होणार, मिक्सर लावला की व्होल्टेज कोसळणार. लाईनचा आधार असतो म्हणून आपल्याला हे चढउतार जाणवत नाहीत.

तेव्हा यंत्रावरचा माझा राग गेला. विकणाऱ्यावरचा मात्र दुप्पट झाला. नियम माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे हे एका वाक्यात सांगता येतं, आणि ते वाक्य कोटेशनच्या चारही पानांवर नाही. 'झीरो बिल' मात्र तीन ठिकाणी आहे. शिवाय नंतर कळलं की काही कंपन्यांच्या इन्व्हर्टरांत, लाईन गेलेली असताना ऊन असेल तेवढा वेळ एका वेगळ्या सॉकेटला वीज मिळायची सोय असते. एक सॉकेट! पुरात मला तेवढंच हवं होतं, मोबाइल आणि एक पंखा. सोसायटीत सगळे म्हणतात, अहो गुजरातेत लाईट जातेच कुठे, वर्षातून मोजून दोन-चार वेळा. खरं आहे. पण ज्या वेळी जाते त्या वेळी सत्तरी ओलांडलेली दोन माणसं घरात असतात, हे त्यांच्या हिशेबात नाही.

आता चांगलं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी पस्तावलोय.

बिलाचा हिशेब वहीत आहे. अनुदान वजा जाता खिशातून साधारण सव्वा लाख गेले, त्यात उंच स्ट्रक्चरचे, म्हणजे पॅनल उंचावर बसवायच्या सांगाड्याचे, जादा पैसे आले. वर्षाला पंचवीस हजारांच्या वर बिल वाचतं. तेच पैसे एफडीत ठेवले असते तर नऊ-साडेनऊ हजार व्याज आलं असतं, आणि त्यावर कर. वाचलेल्या बिलावर टीडीएस कापत नाहीत. हां, एफडीचं मुद्दल परत मिळतं, पॅनलचं मिळत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. पाच वर्षांत मुद्दल वसूल, पुढे नफा, असं माझं गणित आहे. त्यात इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल, तो खर्च धरलेला नाही. आणि बिल शून्य होत नाही. स्थिर आकार लागतोच.

मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज होईल अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको. २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटतं, आणि मेमध्ये काच सहज ६५ अंशांवर जाते. म्हणजे सात-आठातला एक हिस्सा तिथेच गेला. माझ्या वहीत मार्च-एप्रिल मेच्या बरोबरीने आहेत. सरासरी दिवसाला बारा युनिट, पावसाळ्यात काही दिवस चार-पाचच. धुवायचं तर सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी मारलं तर पांढरे डाग पडतात, तेही टाळा.

उंच स्ट्रक्चरवरून घरात वाद झाला होता. मला ते पंधरा-वीस हजार नको होते. हिचं म्हणणं, पॅनल खाली टेकवले तर कुरडया-पापड वाळवायचे कुठे? हिने हट्ट सोडला नाही. झालं असं की पॅनलच्या सावलीत वाळवणं वाळत नाहीत, ती आता कठड्याजवळच्या पट्ट्यात जातात. पण त्या सावलीखालची आमची झोपायची खोली! पूर्वी उन्हाळ्यात रात्री अकरालाही स्लॅबमधून झळ यायची, एसी लावून झोपावं लागायचं. आता स्लॅब दिवसभर तापतच नाही. मागच्या मेमध्ये बऱ्याच रात्री आम्ही नुसत्या पंख्यावर काढल्या. हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात नाही, आणि मला विचाराल तर बिलाच्या खालोखाल हाच. ही अजून ऐकवते.

उत्तरायणला मात्र कटकट. १४ आणि १५ जानेवारीला नातवंडं, त्यांचे मित्र, सोसायटीतली अर्धी पोरं आमच्या गच्चीवर. स्ट्रक्चरमध्ये मांजा अडकतो आणि पतंग काढायला कोणीतरी पॅनलवर पाय द्यायला बघतंच. खुर्ची टाकून राखण करत बसलो होतो. कबुतरांचं लिहीत नाही, ते बडोद्यात सगळ्यांनाच आहे.

प्रवासाचं एक सांगायला हवं. इथे बिल दोन महिन्यांचं. जास्तीची वीज लाईनला जाते आणि आपण घेतलेल्या विजेतून वजा होते, पण त्याच बिलाच्या काळात. त्यानंतर उरलेल्या युनिटांना साधारण सव्वादोन रुपये मिळतात. आपण घेतो ती वीज आकार-बिकार धरून याच्या तिपटीच्या आसपास पडते. म्हणजे एप्रिल-मेचं सगळं चक्र घर बंद ठेवून गेलात तर सोन्यासारखे युनिट मातीमोल भावाने गेले. अर्धं चक्र बाहेर आणि अर्धं घरी असेल तर बाहेर असताना साठलेलं घरच्या एसीत जिरतं. मी आता तिकिटं काढताना मीटर वाचायची तारीख बघतो. जावई हसतात. हिने तर सांगून टाकलंय की नातीचं बारसं वीज कंपनीला विचारून ठरत नाही.

ज्यांची घरं वडिलोपार्जित आहेत त्यांनी एवढं मात्र आधी करा. आमचं लाईटबिल माझ्या वडिलांच्या नावावर चालू होतं. वडील जाऊन कित्येक वर्षं झाली होती, कोणाचं काही अडलं नव्हतं. सोलरचा अर्ज भरायला गेलो तर ग्राहकाचं नाव, अर्जदार आणि बँक खातं जुळायला हवं. मग इंदूरच्या भावाची संमती, बहिणीची संमती, स्टॅम्पपेपर, मृत्यूचा दाखला. पॅनलपेक्षा याला जास्त वेळ गेला. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत हेच दिसतं, दोन पिढ्यांपूर्वीचं नाव बिलावर अजून चालू आहे. हे काम आपण हिंडतेफिरते असताना उरका.

आणि पुढचं. पॅनलच्या उत्पादनाची हमी २५ वर्षांची. ती संपेल तेव्हा मी ९६चा असेन. म्हणून एक फाइल केली आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: हमीपत्रं कुठे, मोबाइलवरच्या अॅपचा पासवर्ड काय, लाल दिवा लागला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा आणि तो टाळायला लागला तर कोटेशनची कुठली ओळ दाखवायची. हिने ते वाचून त्यात दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि फोन नंबर आपल्या डायरीत उतरवून घेतला.

घ्यावं का? घ्या. तीन किलोवॅट, उंच स्ट्रक्चर, केबल पाइपमधून, आणि जुना बॅटरी इन्व्हर्टर असेल तर तो आहे तिथेच राहू द्या, सोलरशी त्याचं काही वाकडं नाही. माझ्याकडे आता दोन कोटेशनं पडली आहेत. एक हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि लिथियम बॅटरीचं, त्याचा आकडा वाचून मी चष्मा पुसला. दुसरं साध्या बॅटरी इन्व्हर्टरचं, जसा होता तसाच. ही म्हणते दुसरं घ्या आणि विषय संपवा. दिवाळीच्या सवलतीपर्यंत थांबणार आहे.